समुद्राकडचा भोंगा

दत्तूकाका माइकवर नुसते खाकरले, की पार चार गावं पलीकडच्या एडवणला वाळत घातलेले बोंबील दोरीवर ताठ उभे राहतात. ज्यांना ही थाप वाटते त्यांनी बोंबलांना विचारावं.

दत्तूकाका माझे शेजारी. आमचं गाव माहीम, पालघरजवळचं. मुंबईतल्या माहीमशी आमचं नातं एवढंच, की तिकडची पार्सलं अधूनमधून इकडे येतात. काकांचा धंदा मंडप आणि लाऊडस्पीकरचा, पण जीव सगळा जत्रेत देणगीदारांची नावं पुकारण्यात. कुणी देवीपुढे नारळ ठेवला रे ठेवला, की "आलं, आलं, आलं!" अशी आरोळी उठायची. मग त्या माणसाचं नाव, आजोबांचं नाव, आणि गेल्या वर्षी तो न देता कसा सटकला होता तेही. "टाळ्या वाजवा, हात काय भाड्यानं आनलेत?"

यादीचं शेवटचं नाव मात्र ठरलेलं: "आनि मस्कतहून, आमच्या नितीनकडून!" नितीन त्यांचा एकुलता मुलगा. बायको गेल्यापासून काका एकटेच, आणि नितीन बरीच वर्षं गावी फिरकलेला नाही, पण दातृत्व असं, की गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं झाली तरी दूध नितीनकडून.

आणखी एक खोड. भोंगे कितीही असोत, एक समुद्राकडे तोंड करूनच बांधायचे. तिकडे ऐकायला कोण? "काका, पापलेटं वर्गणी देतात काय?" असं आम्ही विचारायचो. "तुमच्यापरीस बरी देतात," म्हणायचे.

या माणसाला बोईसरच्या एसी हॉलमध्ये नेण्याचं पाप माझं. तिथल्या संस्कृत पाठशाळेचं छप्पर वादळात उडालं होतं. मुलं ओसरीत दाटीवाटीनं बसून रूपं घोकत होती, आणि पावसाळ्याआधी छप्पर झालं नाही तर त्यांना घरी पाठवावं लागणार होतं. म्हणून कारखानदार मंडळींसाठी निधीभोजन ठेवलं. मी समितीत. मुंबईहून येणारी निवेदिका मनोरच्या ट्रॅफिकमध्ये अडकली, तेव्हा मी काकांना उचलून आणलं.

आल्याआल्या त्यांनी विचारलं, "समुद्र कुठल्या अंगाला?" मी दाखवलं. त्यांनी एक स्पीकर तिकडे वळवला.

हॉलचा मॅनेजर म्हणाला, "अंकल, उधर तो दीवार है."

"दीवारीच्या पल्याड बघ ना, बाबा."

मग सुरू झालं. एका उद्योगपतींनी कानात सांगितलं, नाव गुप्त ठेवा. काका गरजले, "आलं, आलं, आलं! नाव सांगू नका म्हनतात! तिसरं टेबल, निळा कोट, आता सूप पितायत ते! शेजारच्या टेबलाला ऐकू येत नाय काय?" शेजारच्या टेबलाला ऐकू आलं. त्याच्या शेजारच्यालाही. संस्कृतचे शास्त्रीबुवा आधी कानावर हात ठेवून बसले होते. छपराचं जमल्यावर त्यांनी ते हात टाळ्यांसाठी काढले.

"आनि मस्कतहून, आमच्या नितीनकडून!"

समितीच्या अध्यक्षीणबाई गहिवरल्या. "इतक्या लांबून! दत्तूभाऊ, लावा त्यांना फोन. सगळ्यांसमोर आभार मानू."

"कामात असल तो."

"तिकडेही संध्याकाळच आहे. लावा हो!"

सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. काकांनी फोन लावला आणि सवयीनं माइकपाशी धरला. रिंग हॉलभर घुमली. वाजत राहिली आणि थांबली. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तेच. चमचे थांबले.

"ड्युटीवर हाय," काका म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना माइकची गरज लागली. मग आवाज चढवून, "तर त्याच्या वतीनं श्रीफळ घ्यायला त्याच्या वडलांनी यावं!"

माइक ठेवला. डावीकडच्या पायऱ्यांनी खाली उतरले. सदरा ओढून सारखा केला आणि पाहुण्यानं यावं तसे सगळ्यांसमोरून उजवीकडच्या पायऱ्यांनी वर आले. बाईंच्या हातून नारळ घेतला. परत माइकपाशी जाऊन म्हणाले, "आलं." एकदाच.

बाईंनी मला हळूच विचारलं, "मग देणगी कुणाची?"

"नितीनचीच," मी म्हटलं. थापा मारण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण इतकी झटकन मी आजवर मारली नव्हती.

छप्पर झालं. पुढच्या जत्रेला काकांचे गुडघे दुखत होते, म्हणून भोंगे बांधायला माडावर मी चढलो. शेवटचा भोंगा न विचारता समुद्राकडे वळवला. पापलेटांचा विषय कुणी काढला नाही.

काका खालून बघत होते.

"अजून जरा वर कर," म्हणाले. "लांब जायचं हाय."