गेलांग सरायमधला वाढपी

पोशीरचा बुधाजी आयुष्यात कधी हरवला नव्हता, आणि हे तो न विचारताही सांगायचा. माथेरानच्या रानात एकदा धुकं इतकं दाटलं होतं की स्वतःचा हात दिसेना. तरी त्यानं तीन मुंबईकरांना बरोबर नेरळला आणून सोडलं होतं! ते तिघं वर माथेरानला चालले होते, ही गोष्ट वेगळी.

त्यामुळं सिंगापुरात त्या रविवारी बाहेर पडताना लेकीनं, हर्षलानं, फोन पुढं केला तेव्हा बुधाजीनं तो सरळ सोफ्यावर ठेवून दिला.

"मला कशाला? रमजान हाय की संगं!"

रमजान नेरळचा टेंपोवाला, बुधाजीचा शाळेपासूनचा दोस्त. बुधाजी एकटा विमानात बसायला तयार होईना, म्हणून हर्षलानं दोघांचीही तिकिटं काढली होती. तिला नववा महिना लागला होता. आई, मोतीबाई, तीन वर्षांपूर्वी गेली. निदान बाप तरी बाळंतपणाला जवळ असावा, एवढीच तिची इच्छा. पण आठव्या दिवशीच बुधाजीनं जाहीर केलं होतं की मंगळवारच्या विमानानं तो परत चालला!

"आबा, तीन आठवडे तर राहिलेत. थांबा ना!"

"थांबून करू काय गं? हितं दारसुद्धा आपल्याआपण उघडतं! कपडे मशीन धुतं, भांडी मशीन धुतं. परवा झाडाला पाणी घालाय गेलो, तर तिथंबी जावईबापूंनी नळी लावून ठेवलेली! नुस्ता बसून खातोय मी. माझं हितं काय काम नाय."

हर्षलाचे डोळे भरून आले. बुधाजीलाही कसंतरीच झालं. पण बोललेला शब्द मागं घ्यायची सवय त्याच्या घराण्यात कोणालाच नव्हती.

"चल रं," रमजाननं त्याला ओढलं. "गेलांग सराय बघून येऊ. मलाय लोकांची वस्ती हाय, मशीद हाय, बाजार हाय."

वस्ती मोठी रंगीत होती. लुंग्यांची दुकानं, फणसाचे गरे, खवलेल्या नारळाचे ढीग! एका दुकानात सुकी मासळी टांगलेली पाहून बुधाजीला गहिवरून आलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्याला ओळखीचा वास आला होता. तेवढ्यात दुपारच्या नमाजाची वेळ झाली.

एका उंच इमारतीखालच्या बाकड्याकडं बोट करून रमजान म्हणाला, "हितं बस. मी नमाज पढून येतो. हलू नको!"

"मी काय बारकं पोर हाय?"

पाच मिनिटं बुधाजी खरोखर हलला नाही. मग वाऱ्याबरोबर एक वास आला आणि तो ताडकन उठला. भात खाली लागत होता!

आता, तीस वर्षं पोशीरच्या प्रत्येक लग्नातलं भाताचं पातेलं ज्यानं सांभाळलं, त्याला हा वास आल्यावर बसवेल का? इमारतीच्या तळमजल्यावर मांडव होता. पिवळे-हिरवे पडदे, गोल टेबलं, ढोल! तरणी माणसं नवरदेवाची वरात बघायला पुढं पळाली होती. मागं चार पातेली आणि डोक्याला रुमाल बांधलेली एकटी आजी.

"आजी, भात लागतोय!" बुधाजी ओरडला.

आजीला एक अक्षरही कळलं नाही. त्यानं झेप घेऊन गॅस बंद केला, तळाला न डिवचता वरचा भात दुसऱ्या पातेल्यात काढला आणि झाकणाला ओला फडका गुंडाळला. आजी हातात सुरी घेऊन बघत राहिली. मग तिनं चार शितं तोंडात टाकली, बुधाजीला नीट न्याहाळलं आणि त्याच्या गळ्यात अॅप्रन अडकवला!

पोशीरमध्ये मांडव दिसला की आधी हात लावतात, लग्न कोणाचं ते पुढं कधीतरी विचारतात. बुधाजीनं तेच केलं. मुलीकडच्यांना वाटलं, हा मुलाकडचा. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडचा. कोणी काही बोललं की बुधाजी "व्हय, व्हय!" म्हणायचा आणि पुढच्या टेबलाकडं सरकायचा. एका जाड्या गृहस्थानं ताटावर आडवा हात धरला. पोशीरच्या रिवाजाप्रमाणं याचा अर्थ पाहुणा लाजतोय असा होतो. बुधाजीनं हात बाजूला सारून दोन डाव वाढले! गृहस्थ हतबल होऊन जेवू लागला.

असा तास गेला. कोपऱ्यातल्या टेबलावर पाठमोरा एक टोपीवाला बसला होता. बुधाजीनं मागून भात टाकला.

"बस, बस!"

"लाजताय काय वो? घ्या!"

टोपीवाला गर्रकन वळला. तो रमजान होता!

"तू हितं?"

"अरं, तू हरवलायस ना! तुलाच हुडकत आलो मी! मिशा दाखवल्या, उंची दाखवली, तर ह्या मांडववाल्यांनी सलाम करून ताटावरच बसवलं!"

"मी कुठं हरवलोय? मी हितंच हाय!"

"पण हर्षलाला मी फोन केलाय, तू गायब झालास म्हणून! ह्याच इमारतीपाशी बोलावलंय तिला!"

आणि टॅक्सी आलीच. पुढं जावई रूपेश, मागं पोट सावरत, रडत हर्षला. अॅप्रनमधला बाप दिसताच ती किंचाळली, "आबा!" ढोल थांबला. दोन्हीकडचे वडीलधारे जमले. इंग्रजीत विचारपूस झाली आणि अख्ख्या मांडवाला कळलं की हा माणूस कोणाकडचाच नाही!

बुधाजीचा चेहरा उतरला. त्यानं अॅप्रन काढून हात जोडले. "चुकलं माझं. बोलावल्याबिगार आलो."

तेवढ्यात आजी आली. तिनं आधी हर्षलाला खुर्चीत बसवलं, तिच्या पोटावरून हात फिरवला, पाणी दिलं. मग काहीतरी विचारलं. नवरीच्या बापानं त्याचं इंग्रजी करून सांगितलं आणि हर्षला रडता रडता हसली.

"काय म्हणते गं?"

"विचारतेय, हा माणूस नक्की कोणाचा?"

"मग?"

"माझा, म्हणून सांगितलं."

बुधाजी मिशीवरून हात फिरवत राहिला. आजीनं मात्र त्याचा अॅप्रन उचलून पुन्हा त्याच्या गळ्यात घातला.

संध्याकाळी घरी पोचल्यावर तो जावयाजवळ जाऊन हळूच म्हणाला, "रूपेशराव, ते मंगळवारचं तिकीट पुढं ढकलता येईल का?"

हर्षला धावत आली आणि बापाच्या गळ्यात पडली. "बाळासाठी थांबताय ना, आबा?"

"व्हय गं! बाळासाठीच!" बुधाजी म्हणाला. मग रमजानकडं चोरून बघत त्यानं घसा खाकरला. "फक्त बाळाला सांग, येत्या रविवारी दुपारी येऊ नको. आजीच्या नातवाचं लगीन हाय, अन् भात माझ्याकडं हाय."