मेंढ्याच्या कानाचं औषध

रायभानला चामखिळी झाल्या होत्या, आणि त्या अशा जागी की दाखवायच्या तर धोतर सोडावं लागे. हाताला झाल्या असत्या तर त्यानं त्या चारचौघांत मिरवल्या असत्या. येलदरीजवळच्या मेंढकेवस्तीचा तो पंच होता. घोंगडीवर बसून दुसऱ्यांच्या भानगडी निकाली काढायच्या हे त्याचं काम, आणि ही भानगड त्याच्याच धोतरात निघाली. बायकोला, कासाबाईला, ती कळू नये एवढंच त्याचं मागणं होतं. कासाबाई एकदा बोलायला लागली की पूर्णा नदी उलटी वाहते, असं म्हणणारे वस्तीत अजून आहेत.

आधी त्यानं घोड्याचा केस बांधून पाहिला. मग चुना लावून पाहिला. चुन्यानं चामखिळी जागच्या हलल्या नाहीत, पण रायभान मात्र धावत जाऊन नदीत बसला तो ऊन उतरेपर्यंत. त्या दिवशी खालच्या गावात एकाच्याही जाळ्यात मासा आला नाही. सगळे मासे म्हणे वर गंमत बघायला गेले होते.

शेवटी तो जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात गेला. डॉक्टर हैदराबादेत शिकलेले.

"डागदरसाब, माझा एक दोस्त हाय..."

"दोस्त को अंदर बुलाओ."

"त्यो लाजायलाय."

"मग तू सोड धोतर. दोस्त राहू दे बाहेर."

डॉक्टरांनी पाहिलं आणि हात धुतले. "ही करणी नाही, शाप नाही. कातडीला कातडी लागून एकाचं दुसऱ्याला होतं."

"मला कुनापासून झालं आसंल, साब?"

"बरसों चुप बैठता है ये. तुझं तिला की तिचं तुला, हे कोतवालालासुद्धा शोधता येणार नाही. बिवी को भी लाना."

मग त्यांनी तपकिरी औषधाची बाटली दिली. आधी भोवतीनं तूप लावायचं, औषध फक्त चामखिळीवर, चार तासांनी धुवायचं, आठवड्यातून एकदाच. पोटात गेलं तर जहर, आणि पोटुशी बाईला लावायचंच नाही. रायभाननं सगळं पाठ केलं, फक्त बायकोला आणायचं तेवढं विसरून टाकलं.

घरी पोचताच कासाबाईनं पटक्यातून डोकावणारी बाटली पाहिली.

"ह्ये काय वो?"

"औषध. मेंढ्याचं." दारातला शिंगाड्या मेंढा नेमका तेव्हाच ओरडला. "त्येच्याच कानाला चामखिळी झाल्यात."

मेंढ्याच्या कानाला खरोखरच दोन गाठी होत्या, गोचिडीच्या. कासाबाईनं लगेच मेंढा धरला आणि रायभानला औषध लावावं लागलं. खोटं पक्कं दिसावं म्हणून त्यानं डॉक्टरांचा सगळा पाठ म्हणून दाखवला, तुपासकट. मग वस्तीच्या रिवाजाप्रमाणे कासाबाईनं बाटली आपल्या उतरंडीत ठेवली. मेंढरांचं औषध घरधनिणीच्या ताब्यात, आणि समोर मेंढरू असल्याशिवाय ते बाहेर निघायचं नाही. पंचालाही नाही. उलट पंचाला तर मुळीच नाही, कारण हा रिवाज त्यानंच पंचायतीत दोनदा ठासून सांगितला होता.

गोचिडीच्या गाठी आपोआप बसल्या आणि रायभानचं नाव झालं. शेजारचा मुंजाजी सात मेंढ्या घेऊन आला, त्याच्यामागून सगळी वस्ती. रायभान दर आठवड्याला परक्यांच्या मेंढ्यांचे कान रंगवी आणि बाटलीकडे असा बघे, जसं उपाशी माणूस दुसऱ्याच्या पंगतीकडे बघतो. पाचव्या आठवड्यात बाटली संपली. तो पुन्हा जिंतूरला गेला.

"पूरी बोतल? अरे, कितनी जगह पे लगाया?"

"साब, वस्तीत लई जनांना लागली."

डॉक्टरांनी वहीत 'वस्तीभर साथ' असं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते बैलगाडी करून वस्तीवर हजर.

"ज्यांना ज्यांना मस्से, चामखिळी आहेत, त्यांनी पुढे या. शरमाऊ नका."

कुणीच शरमलं नाही. बाया, बापे, म्हातारे, सगळे पुढं आले.

"साब, माझ्याकडं सातजनींना हाय," मुंजाजी म्हणाला.

"सात?"

"त्यातली एक गाभन हाय. पर तिला बी लावलं."

"कुठे झालंय त्यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

"कानाला," म्हणत मुंजाजीनं मेंढी पुढं ओढली. डॉक्टरांनी मेंढीकडं पाहिलं, मग रायभानकडं पाहिलं आणि त्याच्या दंडाला धरून झोपडीत नेलं. कासाबाई पाठोपाठ आत आली.

रायभाननं डोळे मिटले. "कासा, त्या चामखिळी मेंढ्याला न्हाईत. मला हायेत."

"म्हाईत हाय."

"कवापासून?"

"बाटली आनली तवापासून. मेंढ्याला चार घंट्यानं धुवायला कोन सांगतं? माझ्याबी होत्या. बाटली माझ्यापाशी, तूप माझ्यापाशी. माझ्या गेल्या."

"आन् मला सांगितलं काहून न्हाईस?"

"तुमाला मेंढा तरी घावला. मी कुनाचं नाव सांगायचं हुतं?"

डॉक्टरांनी तिला एकदा दवाखान्यातल्या बाईंना दाखवून जायला सांगितलं आणि रायभानला आडवं करून त्याच्या चामखिळी जाळून काढल्या. आतून आलेला आवाज मेंढ्याचा नव्हता, एवढं बाहेरच्यांना कळलं.

"वहिनी, दादाला काय झालं?" मुंजाजीनं विचारलं.

कासाबाई दारात आली. "मेंढ्यांचं ह्यांच्या कानाला लागलं. दर आठवड्याला हात लावायचे ना त्येंना." एवढं सांगून ती आत गेली आणि जुन्या लुगड्याची पट्टी तिनं नवऱ्याच्या चांगल्या कानावर करकचून बांधली.

पुढं आठ दिवस रायभान वस्तीतून पाय फाकून चालत होता.

"दादा, दुखनं कानाला हाय, मंग चालायलाव आसं काहून?" जो तो विचारी.

रायभान पट्टीकडं बोट दाखवी आणि ऐकू येत नसल्यागत पुढं निघून जाई.