आदल्या दिवशीचं वजन

शनिवारी सकाळी तिने फक्त एवढंच ठरवलं, की आज बाळाला उचलायचं नाही.

बाळंतपणानंतर व्हॉलीबॉलच्या संघात परतायची ही शेवटची संधी होती. रविवारच्या सामन्यात मैदानावर उतरली नाही, तर उरलेला मोसम प्रेक्षकांत बसून बघायचा. म्हणून कोचमॅडमचा शब्द न् शब्द ती औषधासारखा घेत होती. 'मोसमात ताकद वाढवायची नाही, टिकवायची. सामन्याच्या आदल्या दिवशी वजनं बंद.' आता नऊ किलोचे चिरंजीव वजनात धरायचे की नाही, हे मॅडमनी सांगितलं नव्हतं. (विचारायचं धाडस झालं नाही. आई म्हणून हसं झालं असतं, खेळाडू म्हणून तर झालंच असतं.)

"अगं, रडतोय तो," नवरा म्हणाला.

"तू घे. माझी विश्रांती आहे."

"कधीपर्यंत?"

"उद्या सामना संपेपर्यंत."

सासूबाईंनी आपल्या लेकाला स्वयंपाकघरात ओढलं. "भांडलात का रे?"

"नाही गं आई. सामन्याची तयारी करतेय ती."

"आडवी पडून?"

बाळ मात्र खूश. दूध प्यायलासुद्धा ते बाबाच्या हातांतून विमानासारखं तिच्या कुशीत उतरायचं, पोट भरलं की पुन्हा उड्डाण. संध्याकाळच्या एका उड्डाणात नवऱ्याच्या कमरेत 'कट्' झालं आणि तो काटकोनात अडकला.

रविवारी तो तसाच, जमिनीकडे बघत, सामन्याच्या हॉलवर आला. सासूबाईंचे गुडघे जिना चढूनच संपावर गेलेले. मग राखीव खेळाडूंच्या बाकावर बाळ कुणाच्या मांडीवर बसणार? तिच्याच मांडीवर बसलं, आणि लगेच गाढ झोपलं. ते जागं होईल म्हणून ती श्वासही जपून घेत होती.

शेवटचा सेट बरोबरीत आला. मॅडम ओरडल्या, "ऊठ, आत जा!"

सासूबाईंनी बाळ अलगद काढून घेतलं. ती झोकात उठली. डावा पाय उठला नाही. मुंग्यांनी भरलेला तो पाय ओढत तिने दोन पावलं टाकली आणि थेट मॅडमच्या अंगावर कोसळली. आत दुसरीच गेली.

"काल वजन उचललंस ना?"

"शप्पथ नाही, मॅडम! बाळसुद्धा नाही. दिवसभर ह्यानेच उचललं."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं, मग भिंतीला धरून वाकलेल्या नवऱ्याकडे.

"पुढच्या रविवारी तुला अजून एक संधी देते, पण शनिवारी विश्रांती त्याला दे," त्या म्हणाल्या. "संघाला त्याची जास्त गरज आहे."