म्हात्रेसाहेबांचा सांकेतिक ताबा

बोर्लीच्या एका लग्नात आमच्या बँकेचे वसुली अधिकारी म्हात्रेसाहेब जेवणाच्या खुर्चीवर रुमाल टाकून हात धुवायला गेले. परत येतात तर तिथे नवऱ्याचे मामा बसलेले. साहेब शांतपणे म्हणाले, “उठा. या खुर्चीचा सांकेतिक ताबा मी आधीच घेतलाय. रुमाल ही नोटीस समजा.”

मामा उठले. माणूस वेडा असावा, या भीतीनेच उठले.

कर्ज थकलं की बँक आधी दारावर नोटीस चिकटवते, तो सांकेतिक ताबा. मग कुलूप लावते, तो प्रत्यक्ष. साहेबांचं सगळं जग या दोन ताब्यांत मावायचं. डब्यातल्या तळलेल्या बोंबलाकडे मी नुसतं पाहिलं तरी म्हणायचे, “तारण आहे, हात लावू नका.” कायद्यात काही नवं आलं की ऐन चहाच्या वेळी उभे राहून मोठ्याने वाचायचे. “बदल झालाय, ऐका!” आम्ही ऐकायचो. चहा गार व्हायचा.

नागावच्या सुलभाताईंच्या होमस्टेवर जप्ती आली. नवरा गेल्यापासून हप्ते थकले होते. लिलावाची जाहिरात शुक्रवारी छापायची होती. मंगळवारी घराचं बाहेरून मोजमाप तपासायला साहेब मला घेऊन गेले. बाई निवांत होत्या.

“भाऊ ट्रक विकतोय साहेब. लिलावाच्या दिवशी सकाळीच पैसे भरते. तवर घर माझंच हाय ना?”

साहेब टेप टाकून उभेच राहिले. “नाही! बदल झालाय, ऐका. पूर्वी विक्री होईपर्यंत घर सोडवता यायचं. आता जाहिरात छापली की हक्क संपला. पैसे शुक्रवारच्या आत भरा!”

बाईंनी घाईघाईने फोन काढला. साहेबांनी त्यांच्याच फोनवरून पेणला भावाला गाठलं आणि अर्धा तास कलमं ऐकवली. भाऊ घाबरून म्हणाला, “साहेब, पायजे तर ट्रक घेऊन जा, पण वाचू नका.” बुधवारी त्याने मिळेल त्या भावात ट्रक विकला. गुरुवारी दुपारी बँकेत पैसे जमा झाले. जाहिरात थांबली.

पुढच्या आठवड्यात घराचे कागद परत द्यायला आम्ही पुन्हा नागावला गेलो. सही घेऊन साहेब निघाले, तर सुलभाताई म्हणाल्या, “असं दारातून काय जाता? आत या की.”

साहेब उंबऱ्यापाशी घुटमळले. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मागे रस्त्याकडे.

“काय झालं साहेब?” मी विचारलं.

“काही नाही,” ते हळूच म्हणाले. “पोलीस बरोबर नसताना कुणाच्या घरात शिरायची सवय नाही हो.”

मग त्यांनी बूट काढले, कडेला नीट लावून ठेवले आणि पाहुण्यासारखे अवघडून आत गेले.