अर्थासह निकाली

वसाहतीच्या दुरुस्ती कार्यालयात एक नियम फार काटेकोरपणे पाळला जायचा. आलेल्या प्रत्येक तक्रारीला आठवड्याच्या आत उत्तर गेलंच पाहिजे. दुरुस्ती झालीच पाहिजे असं नियमात कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे गवंडी एकच होता आणि उत्तरं लिहिणारे सहा.

तर झालं असं, की साहेब प्रशिक्षणाला गेले आणि येताना एक पुस्तक घेऊन आले. नेहमीच्या इंग्रजी म्हणी, अर्थासह! प्रवासातच वाचून संपवलं आणि आल्या आल्या आदेश काढला: यापुढे प्रत्येक तक्रार योग्य त्या इंग्रजी म्हणीने, अर्थासह, निकाली काढावी. कागद वाचतो, वेळ वाचतो, आणि मुख्य म्हणजे म्हणीवर अपील करता येत नाही.

आता अख्खी इंग्रजी म्हण न अडखळता म्हणायची म्हटलं की ऑफिसातल्या सगळ्यांची बोबडी वळायची. म्हणून एकेका म्हणीला टोपणनाव पडलं. टाकी फुटली? दुधाची लावा. अर्थ: झाल्या गोष्टीचं दुःख करू नये. जिना कित्येक वर्षं अर्धाच बांधून पडलाय? शहराची. अर्थ: मोठ्या कामांना वेळ लागतो. कुणी आगाऊपणे दुसरा गवंडी मागितला? स्वयंपाक्यांची. अर्थ: माणसं वाढली की काम बिघडतं. गवंडी ही म्हण ऐकून इतका खूश झाला, इतका खूश झाला, की त्याने स्वतःही येणं कमी केलं.

या जोड्या लावायला एक मुलगी नेमली. कंत्राटी. पदाचं नाव 'अर्थ सहायक', पण सगळे अर्थताईच म्हणायचे. साहेबांनी तिला शब्द दिला, "महिनाअखेर प्रलंबित तक्रारी शून्य, की तुझी नोकरी पक्की." घरी ती आणि आई, दोघीच. तिच्या पगारावर चूल पेटायची. पक्की म्हटल्यावर तिला रात्रंदिवस शून्य दिसायला लागलं.

तिला वाटलेलं, लोक अंगावर धावून येतील. आले ना! पहिल्याच दिवशी एक गृहस्थ दाराची निखळलेली कडी नाचवत आले. तिने छापील म्हण पुढे केली. त्यांनी वाचली. चष्मा पुसून परत वाचली. मागे रांग, रांगेत त्यांच्या व्याह्यांचे शेजारी. अर्थ खालीच छापलेला होता हो, मराठीत, ठसठशीत! पण तो वाचताना कुणी बघितलं तर? गृहस्थ कसंनुसं हसले, "वा, अगदी समर्पक!" म्हणाले आणि कडी खिशात घालून घरी गेले.

मग काय, सगळेच समर्पक म्हणत गेले. अर्थताई शून्याच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली. एकच तक्रार उरली.

ती तिच्या आईची होती.

आईच्या पलंगामागच्या भिंतीला भेग पडलेली. आधी केसाएवढी, मग बोट जाईल एवढी, आणि आता तर शेजारच्या काकूंचा टीव्हीसुद्धा त्यातून नीट ऐकू यायचा.

"अगं, तू रोज त्याच ऑफिसात जातेस ना?" आई म्हणायची. "मग सांग की तिथल्या कुणाला तरी."

"तसं चालत नाही, आई. अर्ज करावा लागतो."

"केला. आता तूच उत्तर देणार ना? मग इथेच दे, जेवता जेवता."

"ऑफिसातून येईल."

"बरं बाई, मोठी साहेबीण!"

अर्थताईने आईसाठी मुद्दाम चांगली म्हण शोधली. टाक्याची! अर्थ: वेळेवर केलेलं छोटं काम पुढचं मोठं काम वाचवतं. ती लावायला घेतली, तर हेडक्लार्क किंचाळलेच. "वेडी की काय तू? त्या अर्थातून काम निघतं!" साहेबांनी तर ते पान तिथल्या तिथे फाडून कपाटात कुलूपबंद केलं.

शेवटी आईला ढगाची गेली. अर्थ: प्रत्येक संकटात काहीतरी चांगलं दडलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी आई खिडकीशी हजर. रांगेसमोर, खणखणीत आवाजात.

"हे वर काय लिहिलंय? मला इंग्रजी येत नाही."

रांग गारठली. असं कुणी बोलून दाखवतं का?

"खाली अर्थ आहे, आई," अर्थताई पुटपुटली.

"तो कळला. पण भिंत कधी करताय?"

"अहो मावशी, एवढं सोपं तर इंग्रजी आहे," मागून एकजण म्हणाला. तोच, कडीवाला! "किती छान दिलंय त्यांनी!"

"तुमचं दार लागलं का हो?" आईने विचारलं.

गृहस्थ छताकडे बघायला लागले.

गलका ऐकून साहेब बाहेर आले. शांतपणे सगळं ऐकलं आणि क्षणात निवाडा केला. बाईंना म्हण समजलेली नाही, म्हणजेच बाईंची अडचण भिंतीची नाही, भाषेची आहे. सबब तक्रार शिक्षण खात्याकडे वर्ग. फक्त 'भिंत ठीक, भाषा कच्ची' एवढ्या शेऱ्याखाली अर्थ सहायकाची सही हवी. सही झाली की प्रलंबित शून्य!

अर्थताईने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "कर गं. तुझी नोकरी आहे." तिने केली. रांगेने टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या.

परवा दुपारी भिंत पडली. पलंगावरच.

ऑफिसात तातडीची बैठक बसली. "घोड्याची लावू या," हेडक्लार्क म्हणाले. "घोड्याच्या तीन आहेत," साहेब म्हणाले. "दाराची, पाण्याची, की दाताची?" तासभर कडाक्याची चर्चा झाली. एक गट दाराच्या बाजूचा, एक पाण्याच्या. अर्थताई मध्येच उठून, चप्पल न घालता, घराकडे धावत सुटली. त्याची नोंद 'विनापरवानगी गैरहजर' अशी झाली.

आई वाचली. भिंत पडली तेव्हा ती शिक्षण खात्यातल्या रांगेत उभी होती, म्हणून. पण मंडळी, खरं सांगा. भिंत पलंगावर पडली म्हटल्यावर तुम्ही आधी आईचं काय झालं ते विचारलंत, की घोड्याच्या तिन्ही म्हणी आपल्याला येतात का, हे मनातल्या मनात तपासून पाहिलंत?

आल्या? तिन्ही? वा, अगदी समर्पक!