नानाकाकांची चूक

आमचे नानाकाका पाहुण्याला चहा विचारण्याआधी पुरावा विचारतात. "जेवून आलोय" म्हणालात तर "काय होतं?" आणि "वांग्याची भाजी" म्हणालात तर सरळ तुमचा हात हुंगतात. एकदा ताप आहे म्हणून मी त्यांच्या सत्यनारायणाला गेलो नाही, तर दुसऱ्या दिवशी थर्मामीटर घेऊन कर्जतहून चौकला माझ्या घरी हजर. ताप निघाला नाही. आदल्या दिवशी टीव्हीवर मॅच होती. "आकडा खोटं बोलत नाही हो बाळ," एवढंच म्हणाले. बाळाचं वय तेव्हा पंचेचाळीस होतं.

नाना बँकेत होते, बहुतेक नोकरी कॅशच्या खिडकीत. संध्याकाळी रोकड एका रुपयानंही कधी चुकली नाही असं ते स्वतः सांगतात. वाईट म्हणजे बाकीचेही तेच सांगतात. काकू गेल्यावर कर्जतला दहिवलीच्या घरात एकटेच राहायचे. जेवायला काय, म्हणून विचारलं तर "खिचडी." दुसऱ्या दिवशी विचारलं तर "कालची खिचडी."

त्यांचा एकुलता एक मुलगा निखिल इंग्लंडात. शिकायला गेला आणि तिकडेच कायमचा राहिला. आमच्या घराण्यात परदेशी गेलेला तो एकटाच. मी फार तर मोहोपाड्याच्या कारखान्यापर्यंत पोचलो, तेही स्टोअरकीपर म्हणून. खालापूरच्या केतकीशी त्याचं लग्न झालं. रजा सतरा दिवसांची होती. त्यातले चार हळदीत आणि पूजेत गेले, दोन पोट बिघडल्यामुळे. अठराव्या दिवशी निखिल विमानात आणि केतकी दहिवलीत, सासऱ्यांसमोर.

"चार महिन्यांत नेतो," असं तो सांगून गेला होता. दोन वर्षं झाली.

कारण तिकडे बायकोला न्यायचं तर नवऱ्याचा पगार सरकारनं ठरवलेल्या आकड्याइतका लागतो. आपल्याकडे हे मुलीचा बाप विचारतो, पण लग्नाआधी. निखिल एका गोदामात सुपरवायझर आहे. त्यानं जादा पाळ्या करून करून तो आकडा गाठत आणला, तर सरकारनं आकडाच वाढवला. आम्ही नातेवाइकांनीही आपलं कर्तव्य केलं. "तिकडे काहीतरी भानगड असणार" असं एकजात सगळे म्हणालो. मीही म्हणालो. माझ्या बायकोशी म्हणालो, म्हणजे तालुक्यात सगळीकडे पोचलं.

नवरा-बायकोचं नातं खरं आहे याचेही पुरावे लागतात, हे कळलं तेव्हा मात्र नाना खुलले. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते सरकार त्यांना अखेर भेटलं होतं. केतकी व्हिडिओवर निखिलशी बोलायला बसली की नाना तिच्या गालाशी त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरून फोटो काढायचे. "म्हणजे तारीख येते."

कामाला येणारी बेबी केर काढता काढता म्हणाली, "नाना, पिच्चरमधी पळवून नेल्याल्या पोरीचा असाच फोटो काडतात. आता पैसं कुनाकडं मागताय?"

"तू केर काढ गं."

दोघांच्या चॅटचे कागद ते स्वतः झेरॉक्सच्या दुकानात छापून आणायचे. "मी वाचत नाही, फक्त तारखा बघतो," असं दुकानदारासकट सगळ्यांना सांगायचे. आणि घरी येऊन, "केतकी, त्याला खोकला झालाय, बोलली नाहीस?" ती लाल व्हायची.

पण दोघांचं जमलं. संध्याकाळी ओटीवर बदाम सात खेळायची. दोघांत तो खेळ कसा खेळतात मला कळलेलं नाही, भांडणं मात्र भरपूर व्हायची. ती थालीपीठ लावायची. नानांच्या गालावर मांस आलं.

मग निखिलला एक वाट सापडली. पगार कमी असेल तर साठवलेले पैसे दाखवता येतात. मात्र ठरलेली रक्कम सलग सहा महिने खात्यात हवी, एक दिवससुद्धा त्याखाली उतरता कामा नये. नानांनी चौकच्या रस्त्यावरचा आपला प्लॉट विकला. मुंबईच्या कुणीतरी फार्महाऊससाठी घेतला. नानांनी बरोबर हवी तेवढी रक्कम केतकीच्या नावावर टाकली, पै इकडे नाही, पै तिकडे नाही. तिचं एटीएम कार्ड कपाटात गेलं. रिक्षाला दहा रुपये हवे असले तरी ती नानांकडून घ्यायची.

पाचव्या महिन्यात दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी नानांनी मला बोलावून घेतलं. "दरवर्षी पासबुकाची पूजा करतो. म्हणजे फोटोला नैवेद्य. यंदा घरात साक्षात लक्ष्मी आहे, तिला चौरंगावर बसवू या. एक लाख काढून आणू."

"बाबा, चालेल ना?" केतकीनं विचारलं.

"अगं, जन्म गेला माझा बँकेत. परत तर भरायचेत. पैसे पळून जातायत का?"

तिनं सही केली. पैशांची पिशवी पोटाशी धरून स्कूटरवर मागे मी बसलो होतो, हेही सांगून टाकतो. पूजा झाली, लाह्या-बत्तासे झाले, नोटांसकट फोटो झाला. मग पाडवा, भाऊबीज, मध्ये रविवार. बँक उघडल्यावर पैसे परत गेले. चार दिवस.

सहा महिने भरल्यावर अर्ज गेला आणि फेब्रुवारीत नकार आला. कारण एका ओळीचं होतं, चार दिवस रक्कम कमी. अर्जाची फी बुडाली, आणि सहा महिने पुन्हा दिवाळीपासून मोजायचे.

"बाबा, तुम्ही बँकेत होतात ना?" निखिल फोनवर ओरडत होता. "इथे मी बारा-बारा तास उभा असतो!"

"चुकलं रे," नाना म्हणाले. "लक्षात नाही आलं."

केतकी रडली नाही. तांदूळ धूत होती, ते बराच वेळ धूत राहिली.

नातेवाइकांना वर्षभराची सोय झाली. "काय नाना, लक्ष्मी पावली का?" हसताना मीही मागे नव्हतो.

पुढच्या रविवारी मी गेलो तर केतकी ओटीवर फाइल उघडून बसली होती. नकाराचं पत्र लावायला म्हणून तिनं ती काढली होती. तिच्या हातात नानांनी जुलैत छापून आणलेले नियम होते. त्या एका दिवसाच्या नियमाखाली लाल पेन्सिलीची दुहेरी रेघ होती, आणि समासात नानांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'एक दिवससुद्धा नाही!' खाली तारीख.

"बाबा, ही रेघ तुमचीच ना?"

नानांनी चष्मा लावला, काढला. "हो."

मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

"मला विचारायचं तरी होतंत," केतकी म्हणाली.

"विचारलं असतं तर थांबली असतीस?"

तिनं खरोखर विचार केला. "नाही."

"म्हणून नाही विचारलं."

तिनं अर्ध्या तासात बॅग भरली. उरलेले महिने काढायचेच आहेत तर खालापूरला, आईकडे. तिला मीच सोडायला गेलो. चौकच्या पुढे गेल्यावर ती मागून म्हणाली, "दादा, निखिलला यातलं काही कळता कामा नये. तो त्यांच्याशी बोलणं टाकेल." मग जरा थांबून, "आणि बेबीताईंना सांगा, भाजीत मीठ कमी. बीपी आहे त्यांना."

निखिलला आम्ही सांगितलं नाही. पण त्यानं आपलं डोकं चालवलं. "दादा, बाबा असली चूक करणं शक्यच नाही. त्यांना विसरायला होत असणार. डॉक्टरला दाखव." आणि तिकडे बसून त्यानं पनवेलच्या डॉक्टरांची वेळही घेतली. आता मी काय बोलणार? नानांना कळवलं. वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "बरं आहे. जाऊ."

डॉक्टर तरुण होते. फार प्रेमानं, मोठ्या आवाजात बोलत होते. "आजोबा, आज वार कुठला?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "बुधवार असेल."

शुक्रवार होता.

"महिना?"

"थंडीचा कुठलातरी."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "आता एक सोपं गणित. शंभरातून सात गेले, किती उरले?"

नानांचे ओठ हलले. त्र्याण्णव. मला अगदी स्पष्ट दिसलं. मांडीवरचा हात नोटा मोजताना फिरतो तसा एकदा फिरला आणि थांबला. कपाळावर घाम आला होता.

"सावकाश सांगा, घाई नाही," डॉक्टर म्हणाले.

"नव्वद," नाना म्हणाले.