हवेत लटकलेला कप्तान

"सिनेमा काय, दोन डोळे असलेला कुणीही बघतो! पण सिनेमाच्या आत काय दडलंय ते बघायला तिसरा डोळा लागतो. तो आपल्याकडं हाय!" मल्लिकार्जुन बिराजदारांनी चहाचा कप बशीत आपटून जाहीर केलं.

समोर बसलेल्या अभिमन्यू जगदाळेंना तूर्त तिसऱ्या डोळ्याची गरज नव्हती. गावातल्या दैनिकाची रविवार पुरवणी ते सांभाळायचे, आणि त्यांना डीव्हीडी प्लेअर असलेला माणूस हवा होता. सगळं जग मोबाइलवर सिनेमे बघत असताना कुठल्याशा कंपनीनं परीक्षणासाठी म्हणून त्यांच्याकडं एका विज्ञानपटाची डीव्हीडी धाडली होती. 'फौलादी कल, भाग दोन'! मारामारीचा, भविष्यकाळातला, हिंदीत डब केलेला. कचेरीतल्या एकाही कॉम्प्युटरला ती घालायला फट नव्हती.

"प्लेअर आहे ना अण्णा तुमच्याकडं?"

"आहे म्हणजे? चालू आहे!" अण्णा म्हणाले. प्लेअर होटगीला मेव्हण्याच्या माळ्यावर धूळ खात होता. पण ते काही खोटं नव्हे. मेव्हण्याचा माळा म्हणजे आपलाच.

"मग बघा. परीक्षण जमलं तर सदर तुमचं. दर रविवारी. नावासकट, फोटोसकट!"

आता हे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत अण्णांचं चादरी-टॉवेलांचं दुकान. धंदा बरा. पण जीव अडकलेला छापील अक्षरात. तुंबलेली गटारं, मोकाट डुकरं, बंद पडलेले दिवे यांवर अण्णांनी वाचकांच्या पत्रव्यवहारात उभी हयात घातली होती, आणि प्रत्येक पत्राखाली त्यांचं नाव मुंगीच्या आकारात छापून आलं होतं. नाव वर, ठळक, शेजारी फोटो! एवढीच काय ती माणसाची शेवटची इच्छा उरली होती. बाकी अण्णांच्या स्वभावाचा ताळेबंद सोपा. जमेला ऐट भरपूर, ऐकून घेणं मात्र सगळं उधारीवर. शिल्लक जी काय राहायची ती त्यांच्या पत्नी, धनलक्ष्मीवहिनी, सांभाळायच्या.

"पहिला भाग न बघता दुसरा बघणार व्हय?" वहिनींनी विचारलं.

"लग्न ठरलं तेव्हा तुझ्या माहेरचा पहिला भाग बघितला होता का मी? तरी चाललंच की!"

"चाललं न्हाय. मी चालवलं," वहिनी म्हणाल्या आणि भाकरी थापायला गेल्या.

प्लेअर होटगीहून आला. अण्णा स्टुलावर चढून टीव्हीमागं वायरी खुपसत होते, तेव्हा खाली सुंदरम्मांनी, म्हणजे अण्णांच्या आईंनी, डीव्हीडीचा ताबा घेतला. सुंदरम्मांच्या राज्यात विभूती लावल्याशिवाय कुठलीही नवी वस्तू कामाला लागत नसे. मिक्सर, स्कूटर, शेगडी, कुणीही सुटलं नव्हतं. एकदा घरी आलेल्या विमा एजंटाच्या लॅपटॉपलाही तीन बोटं ओढून झाली होती, आणि तो बिचारा नमस्कार करून पॉलिसी न विकताच गेला होता. सुंदरम्मांनी चकती उलटसुलट केली. एका बाजूला लाल डोळ्यांचा लोखंडी राक्षस.

"ह्याला कशाला लावू मी? मुडदा!"

दुसरी बाजू आरशासारखी लख्ख. सुंदरम्मांना तीत स्वतःचा चेहरा दिसला. तोंड दिसतंय ती तोंडाची बाजू! त्यांनी ओल्या विभूतीची तीन बोटं त्या लख्ख बाजूवर आडवी ओढली, फुंकर मारून वाळवली, हात जोडले आणि चकती पुन्हा डबीत ठेवली. अण्णा तेव्हा टीव्हीमागं होते. चष्मा टीव्हीच्या पुढं होता.

दुपारी दुकानाचं शटर ओढून अण्णा परीक्षणाला बसले. मांडीवर वही, कानाला पेन. शेजारचे बसलिंगप्पा आपली खुर्ची घेऊनच आले. जन्मभर रेल्वेत सिग्नल सांभाळलेला माणूस, जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना रुळावरनं जाताना दिसायची. सुंदरम्मा सोलायच्या शेंगांचं सूप घेऊन भिंतीला टेकल्या.

सिनेमा झकास सुरू झाला. भविष्यातून लोखंडी माणसं आली. त्यांना अडवायला कप्तान रेक्स आला, त्याच्या मनगटावर काळ मागंपुढं करणारं घड्याळ. कप्तान शंभर मजली इमारतीच्या टोकावर चढला. खाली बघितलं. उडी मारली!

आणि हवेतच राहिला.

एक पाय पुढं, एक मागं, तोंड उघडं. अण्णांनी श्वास रोखला. बसलिंगप्पांनी तंबाखू मळली, खाल्ली, उठून थुंकून आले. कप्तान तिथंच.

"लटकूलालाय की अजून!" बसलिंगप्पा म्हणाले. "सिग्नल न्हाय मिळाला त्याला. आऊटरला उभा केलाय."

सुंदरम्मांच्या शेंगा सोलून संपल्या. वहिनी आतून डोकावल्या.

"अहो, अडकलीय ती तबकडी."

"अडकलीय!" अण्णा कळवळून म्हणाले. "अगं, काळाचा सिनेमा हाय हा! काळ थांबवून दाखवलाय दिग्दर्शकानं. माणूस पडतोय का उडतोय, हाच तर प्रश्न हाय!"

"मग त्याला म्हणावं लवकर ठरव. मला कपडे वाळत घालायचेत, टीव्हीपुढनं जायचंय."

त्या टीव्हीपुढून गेल्या, आणि त्याच क्षणी कप्तानाचा चेहरा फुटला. फुटला म्हणजे त्याचे चौकोन झाले. निळे, तांबडे, हिरवे! कपाळ एकीकडं, हनुवटी दुसरीकडं. अण्णा खुर्चीतून उठलेच. तीस वर्षं चादरी विकलेल्या माणसाला चौकडीची जात कळते!

"बघा! यंत्रयुगात माणसाचा चेहराच उसवला! आता तो परत विणायचा! आणि रंगसंगती काय, आहाहा. ह्या डिझाइनची डबल बेडची चादर काढली तर हातोहात जाईल!"

मग लोखंडी सेनापती पडद्यावर आला. "समय समाप्त!" म्हणाला. पुन्हा म्हणाला. पुन्हा. पुन्हा. सुंदरम्मांनी टाळ्या वाजवून ताल धरला आणि तिसऱ्या फेरीला "ॐ नमः शिवाय" जोडून दिलं. अण्णांनी लिहिलं : मंत्रासारखी पुनरुक्ती.

शेवटची मारामारी तर भलतीच सुंदर झाली. सेनापतीनं तोफेला हात घातला, कप्तानानं मूठ वळली, आणि एकदम सगळी मंडळी टेबलाभोवती बसून जेवूलालेत! कुणाला खरचटलेलं नाही. बसलिंगप्पा चिडले. "मारामारी कुटं गेली?" पण अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ती आपल्या मनात झाली, बसलिंगप्पा. हिंसा दाखवलीच नाही त्यानं! थोर माणूस!"

"आवडला बाई मला," सुंदरम्मा म्हणाल्या. "आरडाओरडा न्हाय, काय न्हाय. जेवण करून उठले."

परीक्षण रविवारी छापून आलं. मथळा : 'काळ थांबतो तेव्हा'. अण्णांनी लिहिलं होतं की विज्ञानपटांच्या इतिहासात एवढा संयम कुणी दाखवला नाही; नायकाला इतका वेळ हवेत ठेवायला दिग्दर्शकाचे पाय जमिनीवर असावे लागतात. पेठेत वाहवा झाली. गिऱ्हाईक चादर उलगडता उलगडता विचारायचं, "अण्णा, तो लटकलेला माणूस म्हणजे आपणच ना?" अण्णा मान डोलवायचे आणि चादरीवर एक नॅपकिन फुकट द्यायचे.

मग कॉलेजच्या चित्रपट मंडळाची आरोही दुकानात आली. चष्मा, झोळी, डोळ्यांत भक्ती.

"सर, तो हवेतला सीन आम्हांला मोठ्या पडद्यावर बघायचाय. तुमचीच डीव्हीडी, आणि आधी तुमचं भाषण!"

अण्णांनी जगदाळेंना फोन लावला. जगदाळे म्हणाले, "मी पण येतो. कार्यक्रम रंगला की तिथंच सदराची घोषणा करून टाकू!"

अण्णांनी नवा सफारी शिवून घेतला. फोटोही काढून ठेवला, हनुवटीखाली मूठ धरलेला.

कॉलेजचं सभागृह भरलं. पहिल्या रांगेत जगदाळे, तिसऱ्या रांगेत घरची मंडळी, बसलिंगप्पा दाराजवळ, कारण गाडी कधीही सुटू शकते. अण्णा असे काही बोलले की पोरांनी मोबाइल खाली ठेवले.

"आता कप्तान उडी मारील. मग काळ थांबेल. घड्याळं बघू नका. कुणी खोकू नका. आपापल्या आयुष्याचा विचार करा." आणि अण्णांनी हात वर केला.

कप्तानानं उडी मारली, धपकन खाली उतरला, तिघा लोखंडी माणसांची डोकी एकमेकांवर आपटली आणि मोटारसायकलवर बसून निघून गेला! अण्णांचा हात अजून वरच होता.

सभागृहात कुणीतरी खोकलं.

"हा... हा पुढं थांबतो," अण्णा म्हणाले.

पुढं काही थांबलं नाही. सेनापती "समय समाप्त" एकदाच म्हणाला आणि कामाला लागला. कप्तानाचा चेहरा शेवटपर्यंत सलग राहिला, चौकडीचा एक धागा दिसला नाही. आणि ज्या मारामारीला अण्णांनी अहिंसेचा हार घातला होता, ती आली! काय आली! पूल कोसळले, ट्रक उडाले, एका लोखंडी माणसाचा हात उपटून त्याच हातानं दुसऱ्या पाच जणांना झोडपलं. पोरं बाकांवर उभी राहून शिट्ट्या मारायला लागली. जगदाळे आपल्या बुटांकडं बघत होते.

"ही वेगळी आवृत्ती दिसतेय!" अण्णा ओरडले.

"मल्लू, येनो इदु?" तिसऱ्या रांगेतून सुंदरम्मांचा आवाज आला. "काय हे! आपला न्हाय हा सिनेमा! आपला लई शांत होता की!"

"डीव्हीडी तीच आहे, आजी," आरोही म्हणाली.

"तीच हाय," धनलक्ष्मीवहिनी उभ्या राहिल्या. "सकाळी मीच पुसली ती. अत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, चकचकीत बाजूला विभूतीची तीन बोटं ओढली होती, ती दिसली. बाहेर द्यायची वस्तू मळकी कशी द्यायची? म्हणून मऊ टॉवेलनं पुसली. दुकानातल्याच."

हसण्याची जी लाट उठली ती छताला लागून खाली आली. मागच्या बाकावरून एक पोरगं ओरडलं, "अण्णा, परत लटकवा की त्याला!"

अण्णा मंचाच्या कडेला बसले. नव्या सफारीला पहिली घडी पडली. सदराचं नावही कुणी काढलं नाही. जगदाळे "येतो" म्हणाले आणि खरंच गेले.

घरी येताना वहिनी दोन पावलं पुढं चालत होत्या. पेठेच्या तोंडाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "एक सांगू? तुमचं लिहिलेलं वाचून मला त्या लटकलेल्याची काळजी लागली होती. दोन दिवस भाकरी थापताना तोच डोळ्यांपुढं. आज बघितला तो खरा, पण त्याचं काहीच वाटलं न्हाय."

"खरं?"

"तर! खोटं बोलायला मला कुठलं सदर मिळणाराय?"

अण्णांना जरा बरं वाटलं. जरासंच.

दुसऱ्या दिवशी जगदाळे घरीच आले. "अण्णा, दुरुस्ती छापावी लागेल. फोन येऊलालेत सारखे. कप्तान खाली उतरला, एवढं तरी वाचकांना कळवायला पाहिजे."

"माझ्या हातानं मी माझ्या कप्तानाला खाली उतरवणार न्हाय!" अण्णांनी तोंड फिरवलं.

"आणा इकडं कागद," वहिनी म्हणाल्या.

रविवारी पुरवणीत चौकट आली : 'आमच्या ह्यांनी गेल्या रविवारी हवेत ठेवलेला माणूस खाली उतरला असून सुखरूप आहे. मारामारी झाली नाही असं ह्यांनी लिहिलं होतं. झाली. मी मोजली नाही, पण पोरांनी शिट्ट्या पुष्कळ मारल्या. सासूबाईंना मात्र ह्यांचाच सिनेमा आवडला. मलाही.'

आख्खं सोलापूर ती चौकट वाचून हसलं. पण ते पोरांसारखं हसणं नव्हतं, आपल्या माणसाला हसतात तसं होतं. संध्याकाळी जगदाळेंचा फोन.

"अण्णा, सदर पक्कं! दर रविवारी तुमचं परीक्षण, नावासकट, फोटोसकट!"

अण्णा उडालेच! "बघ!" ते स्वयंपाकघराकडं ओरडले.

"आणि शेजारी," जगदाळे पुढं म्हणाले, "वहिनींची दुरुस्ती."

तेव्हापासून हे असं चाललंय. परीक्षण पावपान, दुरुस्ती पाऊणपान. वाचक आधी दुरुस्ती वाचतात. खरं सांगायचं तर अण्णाही!

मागच्या आठवड्यात मात्र भलताच प्रसंग आला. अण्णांनी सिनेमा नीट बघून, तपासून, एकही चूक नसलेलं परीक्षण लिहिलं. निदान त्यांची तशी खात्री होती. मग कागद बाजूला सारला आणि थबकले. आता धनलक्ष्मी काय दुरुस्त करणार? तिची पाऊणपान जागा कोरीच जायची! माणूस ऐटबाज खरा, पण मनानं सुती. त्यांनी कागद परत ओढला आणि बायकोसाठी मुद्दाम एक चूक घातली. धडधडीत नायिकेला नायकाची आत्या करून टाकलं.

सिनेमा शेजारी बसूनच बघितलेल्या वहिनींनी परीक्षण वाचलं आणि लिहायला बसल्या. पान भरलं, पाठपान भरलं. अण्णा मिशीत हसत मागून डोकावले. दुरुस्त्यांची रांगच लागली होती. आत्या मात्र त्यांत कुठंच नव्हती.

"अगं, आणि ती आत्या?"

"ती बरोबर हाय," वहिनी मान वर न करता म्हणाल्या. "चुका बाकीच्या हायत."